माळ, शेती आणि माळढोक

अरण्य म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें काय उभें राहतें? दाट झाडी, तिच्यांतून वाहणारा एखादा ओढा, दूरवर ऐकूं येणारी वाघाची डरकाळी आणि शेंड्यांवरून उड्या मारणारीं वानरें. शेत म्हटलें कीं आठवतात नांगर, बैल, विहीर आणि वाऱ्यावर डोलणारें पीक. ह्या दोन चित्रांमध्यें आपण मनानें एक भिंत घालून ठेविलेली असते. भिंतीच्या अलीकडे मनुष्याचें राज्य, पलीकडे वन्य प्राण्यांचें; आणि प्राण्यांचें रक्षण करावयाचें म्हणजे ती भिंत अधिक उंच करावयाची, असा आपला सर्वसाधारण समज आहे. आपल्या दख्खनच्या पठारावर तरी अशी भिंत पूर्वीं कधींच नव्हती. ती घालण्याचा प्रयत्न ज्या पक्ष्याकरितां झाला, तो पक्षी भिंतीच्या दोन्ही बाजूंनीं नाहींसा होत गेला. तो पक्षी म्हणजे माळढोक, आणि ती जागा म्हणजे सोलापूर जिल्ह्यांतील नान्नज. त्याची हकीकत वाचकांपुढें मांडावी, व तिच्यावरून संरक्षित क्षेत्रें आणि शेती यांचा संबंध काय असतो तें पाहावें, असा ह्या लेखाचा हेतु आहे.

सोलापूर शहरांतून बार्शीच्या रस्त्यानें निघालें असतां सुमारें २० किलोमीटरांवर नान्नज हें गांव लागतें. हा सर्व मुलूख अवर्षणाचा. वर्षाकांठीं येथें ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही लहरी. खोलगट भागांत काळी जमीन आहे. उंचवट्यावर मात्र वीतभर मातीखालीं मुरूम लागतो. ह्या मुरमाड उंचवट्यांनाच आपण माळ म्हणतों. उन्हाळ्यांत माळाकडे पाहिलें तर तेथें कांहीं आहे असें कोणासही वाटणार नाहीं. परंतु मृगाच्या दोन सरी पडून गेल्या कीं कुसळ, पवना, मारवेल अशा गवतांचे कोंब फुटतात आणि महिन्याभरांत गुडघाभर हिरवळ लाटेप्रमाणें हालूं लागते. त्या गवतांत नाकतोडे आणि भुंगेरे होतात. त्यांच्यावर चंडोल, धाविक व सरडे जगतात. गवतावर काळविटांचे कळप येतात. उंदरांच्या मागें खोकड आणि मेंढरांच्या मागें लांडगा येतो. हिवाळ्यांत दूर उत्तरेकडून भोवत्या नांवाचे शिकारी पक्षी येऊन ह्याच गवतांत रात्रीं मुक्काम करितात. ज्याला हल्लीं जैवविविधता असें म्हणतात, ती येथें झाडांच्या शेंड्यावर नसून आपल्या गुडघ्याखालीं असते. म्हणूनच ती चटकन् दिसत नाहीं. सरकारी दप्तरांत तर अशा जमिनीस वर्षानुवर्षें 'पडीक' हेंच नांव मिळत आलें आहे.

ह्या माळाचा राजा माळढोक होय. नांवांत 'ढोक' असला तरी करकोच्यांच्या कुळाशीं त्याचें नातें नाहीं. नराची उंची सुमारें एक मीटर, वजन पंधरा किलोग्रामपर्यंत, आणि पंख पसरले म्हणजे विस्तार दोन मीटरांहून अधिक. उडणाऱ्या पक्ष्यांमध्यें इतके जड पक्षी जगांत थोडेच आहेत. मादी नराहून पुष्कळच लहान असते. ह्या पक्ष्याच्या पायाला मागची बोटेंच नाहींत. त्यामुळें त्याला फांदी पकडतां येत नाहीं व झाडावर बसतां येत नाहीं. त्याचें सारें आयुष्य जमिनीवर जातें. शत्रूपासून बचावाचें त्याचें मुख्य साधन म्हणजे दूरवर पोहोंचणारी नजर. म्हणून चोहोंकडे मोकळें दिसेल अशीच जागा तो पसंत करितो. पावसाळ्यांत नर एखाद्या उघड्या उंचवट्यावर उभा राहतो, गळ्याची पांढरी पिशवी फुगवून जमिनीपर्यंत लोंबूं देतो, शेपूट पाठीवर उभारतो आणि खोल, घुमणारा आवाज काढतो. ह्या आवाजावरूनच कित्येक ठिकाणीं त्याला 'हूम' असें नांव पडलें आहे. मादी उघड्या जमिनीवरच, घरटें असें न बांधतां, बहुधा एकच अंडें घालते आणि जवळ जवळ चार आठवडे तें उबविते. वर्षाकांठीं एक अंडें, तेंही जमिनीवर! कुत्र्यानें तें खाल्लें, मेंढराच्या खुराखालीं फुटलें, वा नांगराच्या तासांत आलें, कीं त्या मादीचें तें वर्ष बहुधा फुकट गेलें.

आतां प्रश्न असा उत्पन्न होतो कीं, इतका जपून वाढणारा पक्षी शतकानुशतकें शेतकऱ्यांच्या शेजारीं जगला कसा? दख्खनचें पठार कांहीं निर्जन नव्हतें. सोलापूर, अहमदनगर (ज्याचें नांव २०२४ पासून अहिल्यानगर झालें), बीड, धाराशिव (पूर्वींचें उस्मानाबाद) ह्या भागांत फार प्राचीन काळापासून शेती होत आहे. ह्या प्रश्नाचें उत्तर त्या शेतीच्या रीतींतच सांपडतें.

जुनी कोरडवाहू शेती कशी होती तें पाहा. ह्या भागाचें मुख्य पीक रब्बीची ज्वारी. ती भाद्रपद-आश्विनांत पेरावयाची आणि माघ-फाल्गुनांत काढावयाची. म्हणजे पावसाळ्याचे पहिले दोन-तीन महिने काळ्या जमिनी मोकळ्याच राहत. शेतकरी त्यांवरून अधूनमधून कुळव फिरवी, एवढेंच. नेमके हेच महिने माळढोकाच्या विणीचे. तो माळावर अंडें घाली आणि चरावयास शेजारच्या मोकळ्या रानांत उतरे. ज्वारीबरोबर करडई, हरभरा, तूर. हलक्या जमिनींत बाजरी, मटकी, कुळीथ, भुईमूग, अशीं पिकें असत. माळढोक सर्वभक्षी आहे. नाकतोडे, भुंगेरे आणि सरडे हें त्याचें आवडतें अन्न. पण बोरें, धान्याचे दाणे आणि भुईमुगाच्या शेंगाही त्यास चालतात. पिकाची थोडी नासाडी तो करी, परंतु त्याहून कितीतरी अधिक कीटक वेंचून शेतकऱ्याचें ऋण फेडी. दोन शेतांमधले रुंद बांध गवतानें व बोरीबाभळींनीं भरलेले असत. ते जणू माळाचेच लहान लहान तुकडे शेतांमध्यें पसरलेले होते. एखादें वर्ष जमीन विसांव्याकरितां पडून राही. धनगर आपलीं मेंढरें घेऊन येत. पीक निघाल्यावर शेतकरी रानांत मेंढ्या बसवी, त्यांच्या लेंड्यांनीं जमीन सकस होई, आणि माळावर कोठें आखूड, कोठें उंच असें गवत राही. नराला नाचावयास आखूड गवत हवें असतें आणि मादीला लपावयास उंच. दोन्ही एकाच माळावर मिळत.

ह्यांत कोणी पक्ष्यावर उपकार करावे म्हणून कांहीं करीत नव्हता. शेतकरी आपल्या पोटाकरितां पेरीत होता, धनगर आपल्या कळपाकरितां फिरत होता. तथापि पाण्याच्या अभावामुळें शेतीचा वेग मंद होता, आणि त्या मंद वेगांत माळढोकाचें आयुष्य बसत होतें. इतकें लक्षांत घेतलें म्हणजे पुढील अनर्थाचें कारण समजण्यास अडचण पडणार नाहीं.

माळढोकाचा ऱ्हास प्रथम शेतीमुळें झाला नाहीं. त्याचा आरंभ बंदुकीनें केला. मांसाकरितां व मौजेकरितां त्याची अमर्याद शिकार झाली. मोटारगाड्या आल्यावर तर उघड्या माळावरून त्याचा पाठलाग करणें अगदींच सोपें झालें. एके काळीं पंजाबपासून तमिळनाडूपर्यंत आढळणाऱ्या ह्या पक्ष्याची संख्या १९६९ च्या सुमारास केलेल्या अंदाजांत सबंध देशांत १,२६० भरली. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांनीं तर त्यास राष्ट्रीय पक्ष्याचा मान द्यावा अशी सूचना केली होती. १९६३ सालीं तो मान मोराला मिळाला. पुढें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्याची शिकार बंद झाली, आणि त्याच सुमारास नान्नजच्या माळावर माळढोकांची वस्ती असल्याकडे अभ्यासकांचें लक्ष वेधलें. तो दुष्काळाचा काळ होता. दुष्काळी भागाच्या सुधारणेच्या योजनेंतून नान्नजला गवताचीं कुरणें राखिलीं गेलीं, आणि ह्या राखलेल्या कुरणांत माळढोक विणीस उतरूं लागला. पक्ष्याला काय हवें होतें तें ह्यावरून स्पष्ट दिसलें: थोडें राखलेलें गवत, आणि त्याच्या भोंवतीं कोरडवाहू रान.

ह्यानंतर १९७९ सालीं महाराष्ट्र सरकारनें माळढोक पक्षी अभयारण्य स्थापन केलें. हेतु उदात्त होता, ह्यांत शंका नाहीं. परंतु त्याचें क्षेत्र ठरलें ८,४९६ चौरस किलोमीटर! सोलापूर जिल्ह्याचें एकूण क्षेत्रफळ १४,८९५ चौरस किलोमीटर आहे, हें लक्षांत घेतलें म्हणजे ह्या आंकड्याची कल्पना येईल. सोलापूर व अहमदनगर ह्या दोन जिल्ह्यांतील कित्येक तालुके, त्यांतील शेंकडों गांवें, बाजारपेठा, हमरस्ते आणि लाखों लोकांचीं शेतें ह्या अभयारण्यांत आलीं. त्यांतील वनखात्याच्या मालकीची कुरणें मात्र लहान लहान आणि विखुरलेलीं होतीं. म्हणजे नकाशावर जें अभयारण्य दिसे, त्यांतील बहुतेक जमीन प्रत्यक्षांत शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यावर होती. माळढोक मोठ्या प्रदेशांत भटकतो, म्हणून प्रदेशही मोठा घ्यावा, हा विचार शास्त्राला धरून होता. पण एवढ्या प्रदेशांतील शेतकऱ्याला ह्या कामांत सामील करून कसें घ्यावें, ह्याचा विचार मागें राहिला.

आणि नेमक्या त्याच वेळीं शेतीचें रूप पालटूं लागलें. भीमा नदीवरील उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें. सुमारें ११७ अब्ज घनफूट पाणी सांठविणारा तो जलाशय सोलापूर जिल्ह्याचें दैवच बदलणारा ठरला. जेथें कालवा पोहोंचला नाहीं, तेथें विहिरी आणि पुढें विंधन-विहिरी झाल्या. पाणी आल्यावर शेतकऱ्यानें ऊंस लावला. आणि त्यांत त्याचें काय चुकलें? ज्वारीचें पीक पावसाच्या मर्जीवर. एक वर्ष साधलें तर दोन वर्षें बुडालें. बाजारांत भाव पडला तर मळणीची मजुरीही सुटावयाची नाहीं. उंसाचें तसें नाहीं. तो घेणारा कारखाना ठरलेला, त्याची किमान किंमत सरकारनें बांधून दिलेली. ज्याच्या बापानें दुष्काळांत खडी फोडली, त्यानें हातीं आलेलें पाणी ज्वारीला देऊन बसावें अशी अपेक्षा करणें म्हणजे त्याच्या मुलाबाळांच्या शिक्षणाची किंमत पक्ष्याकरितां मागणें होय. पाहतां पाहतां सोलापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा झाला. माळरानावरही पाणी चढवून डाळिंबाच्या आणि द्राक्षांच्या बागा उभ्या राहिल्या. अवर्षणाच्या मुलखानें हें जें वैभव मिळविलें, त्याचा आम्हांस अभिमानच वाटतो.

परंतु ह्या वैभवाचा अर्थ माळढोकाच्या दृष्टीनें काय झाला? ऊंस बारा ते अठरा महिने शेतांत उभा राहतो आणि त्यास सुमारें दोन हजार मिलिमीटर पाणी लागतें, म्हणजे तेथें पडणाऱ्या पावसाच्या तिप्पट-चौपट. पुरुषभर उंचीच्या ह्या हिरव्या भिंतीपलीकडचें कांहींही माळढोकाला दिसत नाहीं; जेथें दिसत नाहीं तेथें तो उतरत नाहीं. पावसाळ्यांत मोकळें राहणारें रान असें उरलेंच नाहीं. फळबागांवर कीटकनाशकें फवारलीं जातात. त्यांनीं किडीबरोबर नाकतोडेही मरतात आणि पिल्लांचें अन्न जातें. ट्रॅक्टर आल्यापासून बांध कोरून अरुंद झाले. प्रत्येक विहिरीवर पंप आला, पंपाबरोबर विजेच्या तारा आल्या. माळढोक जड असल्यामुळें व उडतांना त्यास समोरचें नीट दिसत नसल्यामुळें तो तारांवर आदळून मरतो. वस्त्या वाढल्या तशीं मोकाट कुत्रीं वाढलीं, आणि त्यांनीं अंडीं व पिल्लें खाल्लीं. राखलेलें कुरण राहिलें खरें, पण तें सभोंवतीं पाणी असलेल्या बेटासारखें एकाकी झालें.

पाणी आल्यानें सगळेच वन्य प्राणी नाहींसे झाले असें मात्र समजूं नये. पुणें जिल्ह्यांत जुन्नरकडे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत उंसाच्या दाट फडांत बिबट्यानें बस्तान ठोकलें आहे. तेथें त्याचीं पिल्लेंही होतात, आणि त्यामुळें कधीं कधीं मनुष्याच्या जिवावर बेततें. म्हणजे शेतीची रीत बदलली कीं तिच्या आश्रयाचे प्राणीही बदलतात. ज्वारीच्या रानानें माळढोक व काळवीट पोसले. उंसानें बिबट्या पोसला. कोणत्या जीवांना घर द्यावयाचें हें अभयारण्याच्या फलकावर लिहिलेलें नसतें. तें शेजारच्या शेतांत काय पेरलें ह्यावर ठरतें.

इकडे अभयारण्यांतील शेतकऱ्याची स्थिति चमत्कारिक झाली. जमिनीची खरेदी-विक्री, नवें बांधकाम, नवे उद्योग ह्यांवर निर्बंध आले. मुलीच्या लग्नाकरितां वा आजारपणाकरितां एकर-दोन एकर विकावे तर अडचण. शिकारबंदीमुळें काळविटांची संख्या वाढली आणि ते रात्रीं कळपांनीं येऊन कोंवळें पीक खाऊं लागले. माळढोकामुळें आपल्यावर हें संकट आलें, अशी भावना गांवोगांव पसरली. ज्या पक्ष्याकडे आजानें कौतुकानें पाहिलें, त्याच्याकडे नातू शत्रु म्हणून पाहूं लागला. पुढें लोकांच्या तक्रारींवरून क्षेत्राची फेरआंखणी झाली आणि १,२२२ चौरस किलोमीटर एवढेंच अभयारण्य उरलें. तोंवर माळढोक जवळ जवळ संपला होता. हल्लीं नान्नजच्या माळावर एखाददुसरा माळढोक कधींमधीं दिसतो, इतकीच त्याची खूण उरली आहे. सबंध देशांत २०१८ च्या अंदाजाप्रमाणें दीडशेहून अधिक माळढोक नव्हते, आणि त्यांतील बहुतेक राजस्थानच्या जैसलमेरकडील वाळवंटांत.

हा अनुभव एकट्या महाराष्ट्राचा नाहीं. मध्य प्रदेशांतील करेरा येथेंही १९८१ सालीं माळढोकाकरितां २०२ चौरस किलोमीटरांचें अभयारण्य झालें. तेथेंही बहुतेक जमीन शेतकऱ्यांची, तेथेंही निर्बंध, तेथेंही वाढलेल्या काळविटांनीं केलेली पिकांची नासाडी आणि तोच रोष. पंधरा वर्षें होण्यापूर्वींच तेथून माळढोक नाहींसा झाला. अभयारण्य कागदावर राहिलें. ज्याच्याकरितां तें झालें तो पक्षी मात्र गेला.

कोणी म्हणेल, खाजगी जमीन होती म्हणून असें झालें. सरकारनें स्वतःच्या जमिनीला खरोखरीची भिंत घालून गुरें व माणसें बाहेर ठेविलीं असतीं तर? ह्याही उपायाची परीक्षा आपल्या देशांत झालेली आहे. राजस्थानांत भरतपूरजवळ केवलादेव नांवाचें सुमारें २९ चौरस किलोमीटरांचें पाणथळ राष्ट्रीय उद्यान आहे. पाणपक्ष्यांच्या विपुलतेमुळें तें जगप्रसिद्ध झालें व १९८५ सालीं जागतिक वारशाच्या यादींत गेलें. तेथें पिढ्यान् पिढ्या आसपासच्या गांवांच्या म्हशी चरत. म्हशींनीं पक्ष्यांची हानि होते असें मानून १९८२ सालीं चराई बंद करण्यांत आली. गांवकऱ्यांनीं विरोध केला, पोलिसांचा गोळीबार झाला आणि कांहीं माणसें मेलीं. पुढें काय झालें? बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनीं दहा वर्षें अभ्यास करून पाहिलें, तों म्हशी गेल्यामुळें पाण्यांतील गवत बेसुमार माजलें, उथळ पाण्याचीं मोकळीं तळीं गवतानें भरून गेलीं आणि पाणपक्ष्यांस पोहावयास व चरावयास जागा अपुरी पडूं लागली. ज्या म्हशीस शत्रु मानिलें होतें ती फुकट राबणारी माळीण होती! तेथें पाणीही शेतीशीं बांधलेलें आहे. उद्यानाला पाणी पुरविणाऱ्या गंभीर नदीवर पांचना धरण झालें, आणि २००४ सालीं दुष्काळानें गांजलेल्या शेतकऱ्यांच्या विरोधामुळें तेथून उद्यानाकरितां पाणी सुटलें नाहीं. तळीं कोरडीं पडलीं. भिंत पक्की होती. पण पाणी भिंतीपलीकडून यावयाचें होतें.

आणखी एका चुकीचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं, कारण ती सद्भावनेनें होते आणि आपण विद्यार्थीही तींत सामील असतों. ती म्हणजे माळावर झाडें लावणें. माळ उघडा दिसला कीं आपल्याला तो ओसाड वाटतो, आणि वृक्षारोपणाच्या दिवशीं आपण उत्साहानें तेथें खड्डे खणतों. परंतु माळढोकाला झाडावर बसतां येत नाहीं. त्याला दूरवर दिसलें पाहिजे. चंडोल, धाविक आणि काळवीट यांचीही तीच गोष्ट आहे. गवताळ माळावर दाट झाडी लावणें म्हणजे त्या सर्वांना घराबाहेर काढणें होय. झाडें अवश्य लावावीं. गांवठाणांत, रस्त्याच्या कडेला, विहिरीवर, जेथें पूर्वीं झाडी होती अशा डोंगरउतारावर लावावीं. माळ मात्र माळच राहूं द्यावा.

ह्या सर्वांवरून आम्ही एकच अनुमान काढतों. संरक्षित क्षेत्राचें रक्षण त्याच्या सीमेवर होत नाहीं, तें शेजारच्या शेतांत होतें. आणि शेतकऱ्याला त्यांत तोटा असेल तर तें मुळींच होत नाहीं. माळढोकाला सबंध जिल्हा नको होता. त्याला विणीकरितां शांत, राखलेलें गवत हवें होतें, आणि त्या गवताभोंवतीं चार-दोन कोसांत कोरडवाहू रान हवें होतें. अभयारण्यानें सर्वांवर थोडथोडे निर्बंध घातले; त्याऐवजीं विणीच्या माळालगतच्या थोड्याच शेतकऱ्यांना ज्वारी, बाजरी, करडई करण्याचा पुरेपूर मोबदला देतां आला असता, तर कदाचित् आज वेगळें चित्र दिसलें असतें. ज्वारी पेरणारा शेतकरी धान्य तर पिकवितोच. शिवाय तो भूजल राखतो, माळ राखतो, आणि देशाचा एक पक्षी राखतो. ह्या दुसऱ्या कामाची मजुरी त्याला कोणी देत नाहीं. संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें भरड धान्यांचें आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळिलें आणि ज्वारी-बाजरीचें पुष्कळ कौतुक झालें. कौतुकाबरोबर खात्रीचा भावही पदरांत पडला, तर माळाशेजारचा शेतकरी पाण्यामागें धांवण्यापूर्वीं दोनदां विचार करील.

ह्याखेरीज पुढील गोष्टी साध्या आहेत. गवत कापावयाचें तें वीण आटोपल्यावर कापावें. मेंढरांस माळावर सरसकट बंदी न करितां आळीपाळीनें, ठराविक महिन्यांत चरूं द्यावें. धनगराचा कुटुंबकबिला वाऱ्यावर सोडून माळ राखतां येणार नाहीं. काळविटानें पीक खाल्लें तर नुकसानभरपाई पुढच्या पेरणीपूर्वीं हातीं पडावी. दोन वर्षांनीं आलेला पैसा राग विझवीत नाहीं. विणीच्या माळाजवळच्या विजेच्या तारा जमिनीखालून न्याव्या. ह्यांतील प्रत्येक गोष्टीस खर्च आहे. पण तो खर्च एकट्या शेतकऱ्याच्या माथीं न मारतां सर्व समाजानें वांटून घ्यावा, एवढेंच न्यायाचें मागणें आहे.

एका पक्ष्याकरितां हा खटाटोप कशाला, असें कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. माळढोक हा माळाच्या प्रकृतीचा दर्शक आहे. वैद्य नाडीवर बोट ठेवतो तें नाडीच्या प्रेमानें नव्हे. माळढोक गेला, तेव्हां त्याबरोबर रुंद बांध गेले, गुरांचें गवत गेलें, रानांतले मित्रकीटक गेले आणि भूगर्भांतील पाणी खोल खोल गेलें. उंसाला पुरविलेलें पाणी अखंड मिळणारें नाहीं, हें दुष्काळाच्या प्रत्येक वर्षीं सोलापूरकर अनुभवतात. अवर्षणाच्या मुलखाला शोभणारी शेती आणि अवर्षणाच्या मुलखांतला पक्षी, हीं दोन्हीं एकाच गोष्टीवर जगत होतीं: जितकें पाणी पडतें तितक्यांत भागविणें. ती गोष्ट विसरल्याची पहिली शिक्षा पक्ष्याला झाली. पुढची कोणाला होईल हें सांगण्यास ज्योतिषी नको.

आशेस जागा नाहीं असें नाहीं. जैसलमेरजवळ २०१९ पासून माळढोकाचीं अंडीं जपून उबवून पिल्लें वाढविण्याचें काम चाललें आहे, व त्यास यशही येत आहे. पुढेंमागें तेथील पक्षी दुसऱ्या माळांवर सोडावे असा विचार होईल. त्या वेळीं सोलापूरच्या माळावर त्यांना घर मिळेल काय? पक्षी प्रयोगशाळेंत वाढवितां येतो. माळ आणि त्याच्या भोंवतालची ज्वारी प्रयोगशाळेंत वाढवितां येत नाहीं. शिवाय काळवीट, लांडगा, खोकड आणि चंडोल आजही त्या माळांवर आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यांत कर्जत तालुक्यांतील रेहेकुरीचें काळवीट अभयारण्य अवघें दोन-सव्वादोन चौरस किलोमीटरांचें आहे, तरी तेथें काळविटांचे कळप नांदतात; मात्र तेही चरावयास भोंवतालच्या शेतांतच जातात, हें ध्यानांत ठेवावें. त्या सर्वांकरितां माळ राखणें अद्यापि आपल्या हातीं आहे.

आपल्यापैकीं पुष्कळांचे वडील शेतकरी आहेत. सुटींत घरीं गेल्यावर त्यांस विचारावें कीं, पूर्वीं आपल्या रानांत कोणकोणते पक्षी येत, आणि ते केव्हांपासून येईनासे झाले. विहीर केव्हां खणली, बांध केव्हां मोडला, ज्वारी केव्हां सोडली, हींही वर्षें विचारून घ्यावीं आणि दोन्ही याद्या शेजारीं शेजारीं ठेवून पाहाव्या. शेती आणि वन्य जीवन यांचा संबंध सांगणारें याहून चांगलें पुस्तक आम्हांस ठाऊक नाहीं. आणि तें प्रत्येकाच्या घरीं आहे.